पुरासाठी भरून ठेवलेला पाण्याचा कॅन ऐनवेळी का दगा देतो? दुकानात येणाऱ्या तक्रारी आणि त्यांवरचे उपाय

जुलै उजाडला की सांगलीतल्या आमच्या प्लास्टिकच्या दुकानात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. काही नवीन कॅन मागायला, आणि काही गेल्या पावसाळ्यात नेलेला कॅन हातात धरून जाब विचारायला. दुसऱ्या तऱ्हेच्या लोकांशी बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की तक्रारी दरवर्षी त्याच असतात. वास येतो, उचलत नाही, गळतो, पाणी हिरवं होतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. यातल्या काही सल्ल्यांनी माझाच मोठा माल कमी खपणार आहे, ते चालेल.

२००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर बघितलेल्या गावात पाणी साठवायला हवं हे कुणाला पटवावं लागत नाही. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. शहराच्या नळाला येणारं पाणी याच नदीतून उपसलेलं असतं. उपसाच बंद पडला की दारात पुरुषभर पाणी आणि नळ कोरडा. लोक तयारी करतात ती यासाठीच, आणि पाणी कमी पडलं अशी तक्रार मी फारशी ऐकलेली नाही. पाणी घरात होतं पण पिता आलं नाही, ही तक्रार मात्र ठरलेली.

"दादा, पाण्याला वास मारतोय की वो"

सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही, आणि सगळ्यात जास्त कारणंही हिचीच. म्हणून इथं जरा थांबू.

पहिला प्रश्न मी विचारतो: कॅन नवा नेला होता की घरातलाच होता? घरातलाच असेल तर त्यात आधी काय होतं? तासगाव, मिरज, पलूस भागात द्राक्षबागांमुळे घरोघरी औषधांचे आणि द्रवरूप खतांचे पाच, दहा, वीस लिटरचे कॅन पडलेले असतात. जाड, पांढरेशुभ्र, झाकण घट्ट. दिसायला माझ्या दुकानातल्या कॅनपेक्षा मजबूत. तीनदा साबणानं धुतला, उन्हात वाळवला, आता काय होतंय, असं म्हणत लोक त्यात पाणी भरतात. हे अजिबात करायचं नाही. प्लास्टिक स्टीलसारखं नुसतं वरून ओलं होत नाही, ते थोडं थोडं शोषून घेतं, आणि पुढं भरलेल्या पाण्यात महिनोन्‌महिने सोडत राहतं. लेबलवरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा, हिरवा कुठलाही असो, तो कॅन पाण्याला बाद. हिरवा म्हणजे पिण्यालायक असा समज मी स्वतः काउंटरवर ऐकलाय. तो रंग फक्त विषाची तीव्रता सांगतो. वास गेला म्हणजे औषध गेलं असंही नाही, त्यामुळे हुंगून पास करण्याची पद्धत इथं कामाची नाही.

हेच बाजारात मिळणाऱ्या जुन्या निळ्या ड्रमांचं. दोनशे लिटरचा ड्रम स्वस्तात मिळतो, विकणारा सांगतो की यात ग्लुकोज होतं, यात सरबताचा अर्क होता. असेलही. पण ड्रमवर मूळ लेबल शाबूत नसेल तर त्याच्या शब्दावर घरच्या पोरांना पाणी पाजू नका. धुणं-भांडी आणि संडासाला तो ड्रम उत्तम आहे. त्यावर मोठ्या अक्षरात 'पिण्याचे नाही' लिहा आणि खुशाल वापरा.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ते सगळ्यांना आठवत असेल. त्या वाघिणी आधी राजस्थानातल्या कोट्याच्या वर्कशॉपात वाफेनं धुऊन घेतल्या होत्या, मग मिरजेला आल्या. लोखंडी टाकीला इतकं करावं लागलं. आपल्याकडं घरी ना वाफेचं यंत्र, ना भांडं लोखंडाचं.

खाण्यापिण्याच्या वस्तूंचे डबे-बाटल्या चालतात, पण त्यातही एक मेख आहे. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या धुऊन वापरायला चांगल्या. दुधाच्या, ताकाच्या आणि फळांच्या रसाच्या प्लास्टिक बाटल्या नकोत, कारण दुधातली प्रथिनं आणि रसातली साखर कितीही धुतली तरी कानाकोपऱ्यात राहते आणि तिथं जंतू पोसतात. गोडेतेलाच्या कॅनचा खवट वास कुणालाच काढता आलेला मी पाहिलेला नाही. लोणच्याच्या बरणीबद्दल तर विचारूच नका.

आता कॅन कोरा, नवा होता आणि तरी वास येतोय, असं असेल तर दुसरा प्रश्न: ठेवला कुठं होता? पुराच्या तयारीचं सामान लोक एकत्र ठेवतात. विजेरी, मेणबत्त्या, औषधं, कागदपत्रं, आणि त्याच कोपऱ्यात रॉकेलची किंवा पेट्रोलची बाटली. नाहीतर डांबर गोळ्या टाकलेल्या ट्रंकेत पाण्याच्या बाटल्या. झाकण गच्च असलं तरी अशा वस्तूंची वाफ प्लास्टिकच्या भिंतीतून हळूहळू आत शिरते. बाटली गळलेली नाही, फुटलेली नाही, तरी पाण्याला डांबर गोळीची चव. त्यावर उपाय एकच, पाण्याची आणि या वस्तूंची खोली वेगळी. रंग, थिनर, उदबत्तीचे पुडे, फवारणीची औषधं, सगळं त्यात आलं.

नव्या प्लास्टिकचा आपला असा एक वास असतो, तो मात्र जातो. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून कॅन रात्रभर भरून ठेवा, सकाळी ओता, साध्या पाण्यानं दोनदा विसळा. पुन्हा रात्रभर साधं पाणी भरून सकाळी चव घ्या. उकळतं पाणी ओतू नका, कॅन आकसतो आणि झाकणाचे आटे बिघडतात.

उरला शेवटचा प्रकार. पाणी चांगलं असतं, नुसतं कोंदट लागतं. ते एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून चार-पाच वेळा ओता. हवा मिसळली की चव परत येते.

कॅनच्या बुडाशी काय बघायचं

उलटा करा. त्रिकोणात एक आकडा असतो. २ म्हणजे एचडीपीई, जाड दुधी किंवा निळं प्लास्टिक. साठवणीला माझी पहिली पसंती. १ म्हणजे पेट, पारदर्शक बाटल्यांचं. तेही चांगलं, फक्त ओरखडे पडले की बदलायचं. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, बादल्या-डबे. पाण्याचे वीस लिटरचे कडक पारदर्शक जार बहुतेक ७ मध्ये येतात. ३ आणि ६ पाण्याला घेऊ नका. पण आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो, ते खाद्यवस्तूंसाठी बनवलंय की नाही हे सांगत नाही. औषधाच्या कॅनवरही २ च असतो. म्हणून पेला आणि काटा-चमच्याची खूण आहे का, किंवा 'फूड ग्रेड' असं छापलंय का ते बघा. पॉलिथिलीनच्या अशा भांड्यांसाठी भारतीय मानक आयएस १०१४६ आहे, चांगल्या मालावर त्याचा उल्लेख सापडतो. काहीच छापलेलं नसेल आणि रंग काळा-करडा मळकट असेल तर ते बहुधा भंगारातून पुन्हा वितळवलेलं प्लास्टिक. बागेला पाणी घालायला न्या.

"ड्रम भरला, पण जागचा हलत नाही"

ही तक्रार पाण्याची नसून हिशोबाची आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरचा ड्रम म्हणजे एक क्विंटल. पाणी गल्लीत शिरतंय, लाइट गेलेली, आणि घरातले दोघं मिळून एक क्विंटल वजन अरुंद जिन्यावरून वर नेणार? होत नाही. मग तो ड्रम खालीच राहतो आणि पुराचं पाणी झाकणावरून जातं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर इथली माणसं हे माझ्यापेक्षा चांगलं सांगतील, त्यांच्याकडं पाणी सगळ्यांत आधी येतं.

विसाचा जार तरी काय कमी आहे? भरल्यावर वीस किलोच्या वर, त्याला बहुतेक वेळा धड मूठ नसते, आणि ओला झाला की हातातून निसटतो. तो तिरका करून तांब्याभर पाणी ओतायचं म्हणजे निम्मं फरशीवर. माझ्याकडं एक आक्का येतात, एकट्या राहतात, वय सत्तरीच्या पुढं. त्यांना मुलानं पुण्याहून येऊन चार जार भरून दिले होते. त्या म्हणाल्या, "पाणी हाय घरात, पण मला पाजणार कोण?" त्यांना मी पाच-पाच लिटरचे मुठीवाले कॅन दिले.

म्हणून कॅन निवडताना घरातला सगळ्यात अशक्त माणूस डोळ्यांपुढं आणा. त्याला भरलेला कॅन एका हातानं जिन्याच्या चार पायऱ्या नेता आला पाहिजे. बहुतेक घरांत हे उत्तर दहा लिटर येतं, म्हाताऱ्यांच्या घरी पाच. एक फुटला, एक नासला, तरी बाकीचे राहतात हा फायदा वेगळाच.

किती लागतं? पिणं आणि जेमतेम स्वयंपाक धरून माणशी दिवसाला चार लिटर धरा. पाच माणसांना रोज वीस, म्हणजे दहाचे दोन कॅन. किमान तीन दिवसांची बेगमी हवी असं सगळीकडं सांगतात. सांगलीत पाणी चढून उतरेपर्यंत आणि नळ पुन्हा सुरू होईपर्यंत तीन दिवसांत भागत नाही, आठवड्याची धरा. म्हणजे चौदा कॅन. दोन खोल्यांच्या घरात ते मावणार नाहीत हे मलाही कळतं. त्यासाठी गच्चीवरची सिंटेक्सची टाकी आहेच की. पाणी चढतंय अशी बातमी येताच ती काठोकाठ भरून घ्या, आणि खालच्या हौदातून किंवा नळातून टाकीत येणारा व्हॉल्व्ह बंद करा. हा व्हॉल्व्ह लोक विसरतात. हौदात गटाराचं पाणी शिरतं, वीज परत आल्यावर कुणीतरी मोटर चालू करतं आणि वरची चांगली टाकीही नासते.

घर सोडून जायची वेळ आली तर कॅनही कामाचे नाहीत. होडीत माणसं आधी बसतात, सामानाला जागा नसते. त्यासाठी माणशी दोन, एक-एक लिटरच्या बाटल्या कागदपत्रांच्या पिशवीत वेगळ्या. सोबत एक घडीचा रिकामा कॅन टाका, निवारा केंद्रात पाणी आणायला होतो. घडीचा कॅन भरून साठवायला घेऊ नका. घड्यांवर आणि तोटीच्या कोपऱ्यावर तो चिरतोच.

जत, आटपाडी किंवा साताऱ्याकडचे माण, खटाव, इथला गिऱ्हाईक आला की मी हा सगळा उपदेश गुंडाळून ठेवतो. त्यांची अडचण टँकरची. टँकर दारात येतो, पाइप सुटतो, आणि मिळालेल्या पाच मिनिटांत जास्तीत जास्त पाणी धरायचं असतं. तिथं दोनशे लिटरचं टिपाडच बरोबर, ते हलवायचंच नसतं. पाटणच्या डोंगरातल्या वाडीला मात्र पुन्हा लहान कॅन. दरड पडून रस्ता तुटला की पाणी खांद्यावरूनच न्यावं लागतं.

गळती

विसाच्या जारचं दाबून बसवायचं झाकण एकदाच लावण्यासाठी बनवलेलं असतं. काढून पुन्हा दाबलं की ते उभ्या जारवर धूळ अडवतं, एवढंच. जार आडवा ठेवला की पाणी झिरपतंच. याला उपाय नाही. साठवायचं तर आट्याचं झाकण असलेला कॅन घ्या.

आट्याचं झाकण गळत असेल तर आतली रबराची किंवा मऊ प्लास्टिकची चकती बघा. ती हरवलेली, दुमडलेली किंवा वाळलेली असते. पाच-दहा रुपयांची वस्तू, पण झाकणाच्या मापाची हवी. तोटीवाल्या कॅनमध्ये तोटीचा वायसर आतून आणि बाहेरून, दोन्हीकडं लागतो. बरेच लोक एकच लावतात. खरं सांगायचं तर साठवणीच्या कॅनला तोटी नकोच. खालच्या बाजूला भोक असलेलं भांडं भरून महिनोन्‌महिने ठेवणं म्हणजे गळतीला आमंत्रण. तोटीचा एकच कॅन ठेवा, रोजच्या वापराला.

परीक्षा सोपी आहे. कॅन भरा, झाकण लावा, वर्तमानपत्रावर रात्रभर आडवा ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर पास. ही परीक्षा मे महिन्यात घ्या, जुलैत बदलून द्यायला माझ्याकडं माल उरत नाही.

हिरवं पाणी, बुळबुळीत कॅन

उजेड, दुसरं काही नाही. पांढरा दुधी कॅन खिडकीत ठेवला की शेवाळ धरणार. पोत्यानं झाका किंवा पलंगाखाली सरकवा. आत बुळबुळीत झालं असेल आणि तोंड लहान असल्यानं हात जात नसेल तर मूठभर तांदूळ, जाडं मीठ आणि थोडं पाणी घालून जोरात खुळखुळवा, मग साबणानं धुवा. त्यानंतर वास किंवा रंग न घातलेलं, पाच टक्क्यांच्या आसपासचं साधं ब्लीच लिटरभर पाण्यात एक चहाचा चमचा घालून आतून सगळीकडं फिरवा, अर्ध्या मिनिटानं ओतून द्या, स्वच्छ पाण्यानं विसळा. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो.

हात जाईल एवढ्या मोठ्या तोंडाचा कॅन धुवायला सोपा, पण मग लहान मुलं त्यात पेला बुडवतात. मी लहान तोंडाच्या बाजूचा आहे. आमचा कामाला असलेला पोरगा मोठ्या तोंडाच्या बाजूचा.

आरओचं पाणी लवकर का नासतं

घरचं शुद्ध पाणी भरलं होतं आणि महिन्यात खराब झालं, ही तक्रार अलीकडं वाढलीय. कारण समजून घ्या. नगरपालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते साठवणीतही काही काळ जंतूंना रोखतं. आरओचं यंत्र ते क्लोरीन काढून टाकतं. त्या वेळी पाणी स्वच्छ असतं, पण नंतर कॅनमध्ये जे काही शिरेल त्याच्याशी लढायला त्यात काहीच नसतं. म्हणून साठवणीला सरळ नळाचं पाणी भरा, पिताना गाळा किंवा उकळा. विकतच्या सीलबंद बाटल्यांचं वेगळं, त्या न फोडता तारखेपर्यंत ठेवता येतात.

तांब्या-पितळेच्या हंड्यात क्लोरीनचं पाणी फार दिवस ठेवू नका, धातू आणि क्लोरीन दोघांचंही नुकसान. स्टीलची कळशी चार दिवसांपुरती ठीक, पण तिला झाकण कुठं असतं?

साठवलेलं पाणी साधारण सहा महिन्यांनी बदलायचं. मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईला एकदा, एवढं धरलं की तारीख लिहून ठेवायची गरज नाही. आणि भरायचं ते नदी शांत असतानाच. आयर्विनला ४० फुटांच्या इशारा पातळीची बातमी आली की सगळं गाव एकदम नळ सोडतं, दाब उतरतो, आणि नदीचं पाणी तोवर चांगलंच गढूळ झालेलं असतं.

पूर उतरल्यावर

टँकरचं पाणी भरायला वेगळे रिकामे कॅन ठेवा आणि त्यांना लाल चिकटपट्टी लावा. साठवणीच्या चांगल्या कॅनमध्ये ते ओतायचं नाही. नरसाळं जवळ असू द्या. नाहीतर लोक पाइप कॅनच्या तोंडात खुपसतात, आणि तो पाइप रस्त्याच्या चिखलातून ओढत आणलेला असतो. गढूळ असेल तर तुरटी फिरवून खाली बसू द्या, वरचं पाणी गाळून घ्या, मग मेडिक्लोर किंवा क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावरच्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. गाळाआधी क्लोरीन टाकलं तर ते मातीतच खर्ची पडतं. गॅस असेल तर खळखळून एक मिनिट उकळा.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या कॅनांची वाटणी अशी करा. दाबाच्या झाकणाचा जार बुडाला असेल तर आतलं पाणी ओतून द्या, वरून कितीही स्वच्छ दिसो. आट्याच्या झाकणाचा कॅन बुडाला असेल तर तेही पाणी पिऊ नका, पण कॅन साबण आणि ब्लीचनं धुऊन पुन्हा घेता येतो, झाकणातली चकती मात्र नवी घाला. कारखान्याचं सील न फुटलेली बाटलीही बुडाली असेल तर तिचं पाणी पिऊ नका, झाकणाच्या कडेतून घाण आत गेलेली असू शकते. घडीचे कॅन आणि आतून चरे पडलेले जुने कॅन टाकून द्या. बुडालेल्या घरात शेजारी औषधांचे डबे किंवा गाडीचं तेल सांडलं असेल आणि कॅनवर त्याचा तवंग दिसत असेल, तर तो धुवत बसू नका. भोक पाडूनच भंगारात द्या, म्हणजे दुसरा कुणी त्यात पाणी भरणार नाही.